धार तुटू नये म्हणून

नाशिक रोड,
बिरड्याच्या सणानंतरचा दिवस

प्रिय मीना,

पाकिटावर मी 'सौ. मीना धनराज देवरे, सटाणा' असं व्यवस्थित लिहिलं आहे, खाली पिनकोडसुद्धा. आत मात्र नुसतं मीना. हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोन मी केला होता. एकदा धनराजरावांनी उचलला, तेव्हा मी कांद्याच्या भावाची चौकशी करून ठेवून दिला. त्यांना वाटलं असेल, थळकर आता कांद्यात पडले. नंतर एकदा तू उचललास आणि 'हॅलो, कोण बोलतंय?' म्हणालीस. हुबेहूब तुझ्या आईचा, सुलाबाईंचा आवाज. मी फोन ठेवून दिला. लिहिताना निदान खोडता येतं. बोललेलं खोडता येत नाही, हे तुझ्या-माझ्याइतकं कोणाला माहीत.

काल बिरड्याचा सण झाला. तुझ्या घरी आता तो कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही, पण सुलाबाई होत्या तोवर सटाण्यात एका तरी घरात आदल्या दिवसापासून वाल भिजत पडायचे. जेरुसलेमचं मंदिर पडलं तो हा दिवस. दिवसभराचा उपास, सिनेगॉगमध्ये खुर्च्या बाजूला सारून जमिनीवर बसायचं, आणि उपास सोडायचा तो बिरड्यावर. काल पुरुषांच्या बाजूला सतरंजी पुरली नाही. अंबडची पोरं आली, इगतपुरीचे आले, मनमाडचे आदल्या दिवशीच येऊन राहिले. विलापाचं वाचन मी केलं आणि कुठंही अडखळलो नाही. वाचताना एकदाच डावीकडे, बायकांच्या बाजूला नजर गेली. तिथं धोंडाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी चटई होती. धोंडाबाईंनी ती आमच्या हिच्यासाठी, शोशन्नासाठी, सवयीनं अंथरली होती.

शोशन्नाचा आजार परत आला आहे. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मुळासकट काढलंय. आता ते म्हणतात, दुखू नये एवढं बघू. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या पेनाकडे बघून म्हटलं, म्हणून मी ते खरं धरून चाललोय. शोशन्नाला सगळं माहीत आहे. ती रडली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, 'माझं एक ऐका. मला घाट उतरून नेऊ नका.' घाट म्हणजे कसाऱ्याचा घाट. त्या घाटाचं नाव काढलं की तुला काय आठवेल हे मी जाणतो, आणि हे पत्र त्यामुळेच इतके दिवस लांबलं. तिला नाशिकमध्येच शेवटची आंघोळ घातली जावी आणि देवळालीच्या आपल्या कब्रस्तानात ठेवावं, एवढंच तिचं मागणं आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय अवघड? मंडळी एवढी वाढवली, सिनेगॉग भरवलं, त्या माणसाच्या बायकोला शेवटचं पाणी घालायला कोणी नाही? नाही. तेच सांगायचं आहे, पण क्रमानं सांगू दे. क्रम सोडून बोलायची मला सवय नाही.

तुला आठवतं ते आपलं सिनेगॉग म्हणजे पत्र्याची एक खोली, तिथला कारभार बघणारे मुकादम म्हणजे माझे वडील, आणि शनिवारी चार म्हातारे. त्यातले दोघे प्रार्थनेत झोपायचे. वडील गेले तेव्हा मी सातपूरच्या कारखान्यात फिटर होतो. शाळा दहावीलाच सुटलेली. हिब्रू मला कोणी शिकवली नाही. एका पानावर हिब्रू आणि समोरच्या पानावर मराठी असलेलं जुनं प्रार्थनापुस्तक मिळवलं, आणि मुंबईच्या एका वयस्कर हझ्झानांनी प्रार्थना चालवताना भरलेल्या कॅसेटी. मशीनवर भाग घासताना केसाएवढा फरक राहिला तरी तो पुढं बसत नाही. चालीला आणि उच्चारालाही मी तोच न्याय लावला. टेप मागं-पुढं करून करून झिजली, पण चाल पक्की झाली. मागं एकदा इस्रायलहून एक पाहुणे आले होते. माझं वाचन ऐकून त्यांनी विचारलं, कुठल्या विद्यालयात शिकलात? मी म्हटलं, दुसऱ्या पाळीत. त्यांना कळलं नाही. शोशन्ना मागं बसून पदरात हसत होती.

मग माणसं शोधायला निघालो. स्कूटरवर इगतपुरी, भगूर, मनमाड. कोणी सांगायचं, अमुक ठिकाणी एक कुटुंब आहे, शनिवारी दुकान बंद ठेवतं, का ते त्यांनाही माहीत नाही. मनमाडला रेल्वेच्या चाळीत एका दाराच्या उजव्या चौकटीवर हिरव्या ऑइलपेंटच्या थराखाली बोटाएवढा उंचवटा दिसला. वर्षानुवर्षं रंगवत गेले होते, कोणी खरवडून पाहिलं नव्हतं. मेझुझा होता, आपण दाराला लावतो ती वचनाची डबी. दार उघडणाऱ्या माणसाला मी म्हटलं, 'तुम्ही आमचे आहात.' तो म्हणाला, 'विमावाले का?' आज त्याची दोन्ही मुलं सेफेरची, धर्मग्रंथाची, गुंडाळी वाचतात, मी शिकवलेल्या चालीत.

एक गोष्ट मी लवकर शिकलो. प्रार्थनेला न येणारा माणूस मलिद्याला येतो. पोहे, खोबरं, साखर, खजूर, गुलाबपाणी, एलियाहू नबीचं नाव. त्या ताटाभोवती वर्षानुवर्षं न भेटलेले चुलत-मावस भाऊ एकत्र बसतात. म्हणून मी दर महिन्याला मलिदा ठेवला, आणि मलिद्याआधी प्रार्थना ठेवली, म्हणजे खायचं तर आधी उभं राहायला लागेल. शब्बाथला गाडीत बसायचं नाही हे मी सर्वांना सांगितलं, पण मनमाडहून कोणी चालत येणार नाही हेही कळत होतं. म्हणून मागच्या खोलीत लोखंडी कॉट टाकल्या. बाहेरगावचे पुरुष शुक्रवारी दुपारीच येतात, रात्री तिथंच झोपतात, शनिवारी चांदण्या दिसल्यावर परत जातात. मुंबईचे लोक ही व्यवस्था बघायला येऊन गेले. आपल्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत, तुला आठवत असेल. दहा शब्दांचं वचन म्हणायचं, एकेका पुरुषाकडे बघून एकेक शब्द, आणि वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू. कित्येक वर्षं माझं वचन पाचव्या-सहाव्या शब्दाला अडायचं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सहज पुरं झालं, त्या दिवशी मी घरी येऊन शोशन्नाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, 'चांगलं झालं. तुमचं वचन दहाव्या शब्दाला संपतं, आम्ही अकराव्या शब्दात बसतो.' मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय.

हल्ली दारात पोलीस असतो. तिकडे इस्रायलमध्ये लढाई सुरू झाल्यापासून इकडेही बंदोबस्त. सध्या गोरक्ष नावाचा हवालदार आहे, पेठकडचा. परवा आत डोकावून म्हणाला, 'काका, आत मूर्ती नाय, फोटो नाय. मी राखतो तरी कोणाला?' मी म्हटलं, आम्हाला. तो म्हणाला, 'तुम्ही लय दिसत नाय पण.' त्याचं बरोबर होतं. तो बायकांच्या बाजूच्या दाराशी बसतो.

त्या बाजूला पूर्वी त्या चौघी असायच्या. शोशन्नाची आई, लताबाई, धोंडाबाई आणि शोशन्ना. कोणाच्या घरी बाई गेली की निरोप या चौघींना जायचा. एका तासाच्या आत त्या पांढऱ्या साड्यांत दारात हजर. काय करायच्या हे आम्हा पुरुषांना दिसायचं नाही, पण पुरुषांचं मी स्वतः केलेलं असल्यामुळे रीत माहीत आहे. कोमट पाण्यानं आधी अंग पुसायचं, नखं साफ करायची, झाकलेलंच ठेवून करायचं, मधे इकडचं तिकडचं बोलायचं नाही. मग शेवटचं पाणी. ते डोक्यापासून पायापर्यंत अखंड पडलं पाहिजे. एकीचा तांब्या रिकामा व्हायच्या आत दुसरीचा सुरू झाला पाहिजे. मधे धार तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकटीला ते करताच येत नाही, कितीही शिकलेली असली तरी. मग मांजरपाटाचे कपडे, हातानं शिवलेले, दोऱ्याला गाठ न मारलेले. शोशन्नाची आई वारली. लताबाई मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला गेल्या. धोंडाबाईंचे हात कापायला लागले, चहाचा कप धरवत नाही तर तांब्या कुठून धरणार. शोशन्ना मला सांगायची, 'मनमाडच्या सुनांना बोलवा, दोन-चार मुली तरी माझ्या हाताखाली द्या.' मी म्हणायचो, आधी पोरांचा वर्ग बसू दे. खोलीत कॉट होत्या त्या पुरुषांसाठी. वर्ग होता तो मुलग्यांसाठी. बाया मलिद्याला यायच्या, ताटं भरायच्या, भांडी घासून संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. आता त्यांना विचारलं तर म्हणतात, 'आम्ही कधी केलं नाही, काका. भीती वाटते.' नियम एकही मोडला नाही मी, मीना. प्रत्येक गोष्ट मोजून केली. मोजपट्टीच दहा शब्दांची होती.

आता त्या शुक्रवारचं. माझ्या बाजूनं ते मी कधी सांगितलेलं नाही.

सुलाबाई गेल्या तो शुक्रवार होता आणि शोशन्ना त्याच आठवड्यात ऑपरेशन होऊन दुसऱ्या दवाखान्यात नळ्या लावून पडलेली होती. तुम्ही त्यांना सटाण्याहून उपचारासाठी आणलं होतं आणि पहाटे सगळं संपलं. मी पोहोचलो तेव्हा तू पदर खोचून उभीच होतीस. म्हणालीस, 'मी घालते आईला. मला येतं.' तुला येतं हे मला माहीत होतं. तुझी देवळालीची मावशी गेली तेव्हा सुलाबाईंनी तुला आत नेलं होतं, कॉलेजात होतीस तू, आणि बाहेर आल्यावर ओट्यावर माझ्याशेजारी बसून राहिलीस. हाताला साबणाचा वास होता. तुझा हात मी धरला नाही, कारण लग्नाआधी धरायचा नसतो. तर, मी त्या दिवशी म्हटलं की लेकीनं आईला घालायचं नसतं, आणि एका बाईनं तर नाहीच. शब्बाथ लागायच्या आत मूठमाती द्यायची तर ठाण्याला नेणं एवढाच मार्ग होता, तिथल्या बायका तयार होत्या. तू म्हणालीस, 'माय काय पार्सल शे का, ठाण्याले धाडाले?' दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी ऐकलं. तुझी तेजस्विनी पुढं आली आणि म्हणाली की तिच्या फिजिओथेरपीच्या कामात रोज माणसं उचलायला लागतात, ती आईच्या जोडीला उभी राहील. मी तिलाही नाही म्हटलं. तिनं मला शांतपणे विचारलं, 'ओबेदमामा, तुमच्या नियमात मी आजीची कोण लागते?' मी ड्रायव्हरला हाक मारली.

पुढचं तुला माहीत आहे. घाटात टँकर आडवा झालेला, गाड्यांची रांग. सुलाबाईंच्या पायाशी मी बसलो होतो, उशाशी तू, धनराजराव पुढं ड्रायव्हरजवळ. तेजस्विनी सारखी घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. शहापूरच्या अलीकडे सूर्य खाली गेला. शब्बाथ लागला. मी गाडी थांबवायला सांगितली. पाकीट आणि मोबाइल तेजस्विनीच्या हातात दिले, कारण शब्बाथला जवळ बाळगायचे नाहीत, आणि उतरलो. काच वर होती. त्या काचेतून तू माझ्याकडे जसं बघितलंस तसं मला आजवर कोणी बघितलेलं नाही. एका बंद गॅरेजच्या ओट्यावर मी रात्र आणि दुसरा दिवस काढला. पैसे जवळ नव्हते आणि असते तरी खर्च करता आले नसते. समोरच्या चहावाल्यानं पाणी दिलं आणि मी वेडा आहे असं समजून परत आला नाही. चांदण्या दिसल्यावर एका ट्रकवाल्यानं ठाण्यापर्यंत सोडलं. घाई करून गेलो ते व्यर्थच, सुलाबाई रविवारपर्यंत तशाच राहिल्या. त्यांच्या नवऱ्याची कबर देवळालीला आणि त्या ठाण्याला, दोन अनोळखी बायांच्या मधे. सगळं आटोपल्यावर तू माझं पाकीट आणि मोबाइल परत दिलास. मोबाइल चार्ज केलेला होता.

आज पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी काय करीन, असं तू विचारशील. मी उतरेन. खोटं कशाला लिहू? मी हे पाळतो म्हणून त्या पत्र्याच्या खोलीचं सिनेगॉग झालं. एकदा सोयीनं वागलो तर मनमाडच्या पोरांना काय तोंड दाखवू?

आणि हेच शोशन्नाला माहीत आहे. तिला मी हे सगळं दवाखान्यात सांगितलं होतं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, 'तुम्ही उतरलात?' आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. घाट उतरून नेऊ नका म्हणाली तेव्हा मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, वेळ आली तर ठाण्याच्या बायकांना आधीच इकडे आणून ठेवू. तिथल्या बाई फोनवर 'बघू, गाडी मिळाली तर' म्हणाल्या होत्या, ते मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, 'त्या आल्या नाहीत तर मला घेऊन निघाल. आणि शुक्रवार असला तर तुम्ही शहापूरला उतराल. मी पुढं एकटी जाईन.' रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं.

मग चार दिवस मी अभ्यासाला बसलो. पुस्तकं काढली. मला जे माहीत होतं तेच तपासून पाहिलं, दोनदा. तेजस्विनीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: आई यहुदी तर मूल यहुदी. बाप कोण, नाव काय ठेवलं, देवघरात काय आहे, याचा संबंध येत नाही. तू धनराजरावांशी लग्न केलंस म्हणून तू आमच्यातून गेलीस असं माझे वडील म्हणायचे, चार म्हातारे म्हणायचे, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. पण नियम तसं म्हणत नाही. नियमानं तू गेलेलीच नाहीस, आणि तुझी मुलगी जन्मल्यापासून आमच्यात आहे. हे मला त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरही येत होतं. मुलीनं आईला घालायचं नाही, नातीनंही आजीला नाही, तेवढं खरं होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं. तिला सांग, उत्तर लेखी दिलं आहे. आणि शोशन्नाची तुम्ही दोघी कोणीच लागत नाही, त्यामुळे इथं आडकाठी काहीच नाही. एकीच्या तांब्यापाठोपाठ दुसरीचा धरायला दोन बायका लागतात. सटाण्यापासून इगतपुरीपर्यंत मला दोनच दिसतात.

तुझं नाव मात्र मी काढलं नाही. शोशन्नानं काढलं. मी विषय टाळत होतो, कारण तुझ्या दाराशी मागायला यायचं माझ्या जिवावर आलं होतं. तुला मी विचारलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, 'ओबेद, तुझ्याशी लग्न केलं तर मला रोज परीक्षेला बसावं लागेल.' मी ते शोशन्नाला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, तुझी चूक होती हे तिला पटावं म्हणून. तिला ते चांगलंच लक्षात राहिलं आहे. म्हणाली, 'तिनं तुम्हाला सोडलं म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात. एवढे उपकार तिनं केलेच आहेत, अजून एक करू दे.' आणि खोकला येईपर्यंत हसली. एवढ्यात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

तर मागणं हे आहे. तुम्ही दोघी या, पण नंतर नाही. आत्ता या, ती बोलू शकते तोवर. हे तिचं म्हणणं आहे आणि ती ऐकत नाही. मी म्हटलं, मीनाला येतं, ती तिच्या मुलीला शिकवील. शोशन्ना म्हणाली, 'मीनाला एकदाच नेलं होतं, त्याला तीस वर्षं झाली. चुकली तर सांगणार कोण? तुम्ही दाराबाहेरून ओरडून?' तिनं मला दोन पितळी तांबे घासून तिच्या कॉटजवळ ठेवायला लावलेत, आणि खाली एक टब. तिचा उजवा हात सुजलाय, तांब्या उचलत नाही. तुम्ही दोघी ओताल आणि ती उशीला टेकून बघेल. मांजरपाटाचे स्वतःचे कपडे तिनं शिवलेत, बाही तेवढी राहिली आहे, ती तेजस्विनीकडून शिवून घेणार म्हणते. काल मी तिला औषध देत होतो तेव्हा तिनं मला आणखी एक निरोप लिहायला सांगितला. 'त्यांना म्हणावं, उजव्या बाजूला हात जपून लावा. तिथं टाके आहेत, अजून ठणकतात.' मी म्हटलं, शोशन्ना, तेव्हा नाही ठणकणार. ती म्हणाली, 'तुम्ही लिहा.' म्हणून लिहिलं आहे.

शोशन्नाच्या शब्दाखातर,
तुझाच
ओबेद